आजोबांची फियाट अन् पॉलिसीचा घोळ

प्रश्न : काका नमस्कार. आमच्याकडं आजोबांची १९७१ ची फियाट अकराशे आहे. कित्येक वर्षं वाड्यात पत्र्याखाली पडून होती, मागच्या दोन वर्षांत मी अन् आमच्या मिस्त्रीनं मिळून ती परत चालू केली. पत्रा, रंग, इंजिन सगळं धरून साडेतीन लाख गेलेत. आता इन्शुरन्स काढायचाय तर ऑनलाइन मॉडेलच दिसंना. एक एजंट म्हणायलाय थर्ड पार्टी (फक्त समोरच्याच्या नुकसानीची) काढा अन् मोकळे व्हा, दुसरा म्हणतो फुल (आपल्या गाडीच्या नुकसानीसकट) देतो पण गाडीची किंमत ४० हजारच धरणार. आरसी अजून आजोबांच्याच नावावर आहे, ते २०१६ ला गेले. लग्नसराईत लोक वरातीसाठी गाडी मागायलेत, अन् मला एकदा तरी व्हिंटेज रॅलीत न्यायचीय. कोणती कंपनी घेऊ? (एक वाचक, लातूर)

उत्तर : भाऊ, कंपनीचं नाव नंतर बघू, आधी आरसीचं बघा. गेलेल्या माणसाच्या नावावर पॉलिसी निघते पण, एजंट काढून देतो पण, खरी गंमत क्लेमच्या दिवशी होते. मालक वारला की वारसानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं अन् तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी नावावर करून घ्यायची असते, तुम्हाला तर कैक वर्षं झालीत, म्हणजे दंड वगैरे जे असंल ते भरा पण हे काम पहिलं उरका. मृत्यूचा दाखला, वारसाचे कागद, बहिणी-आत्यांची एनओसी (हे सगळ्यात अवघड काम, चहा पाजून करा) अन् आरसीची मुदत संपली असंल तर तीपण वाढवून घ्या. लातूरची गाडी म्हणजे एमएच २४ चं ऑफिस, तिथं एक चक्कर मारलीत की काय काय लागतं ते कळतंच.

आता किंमत. सगळा खेळ इथंच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगायलो. पॉलिसीत आयडीव्ही नावाचा आकडा असतो, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण खलास झाली तर कंपनी तेवढे पैसे देते. नव्या गाडीला तक्ता ठरलेला आहे, पाच वर्षांपर्यंत घसारा (जुनी होईल तशी किमतीत धरलेली घट) ५० टक्क्यांवर जातो. पण पाच वर्षांच्या पुढची गाडी, किंवा जी कंपनीनं बनवायचीच बंद केली अशी गाडी, तिचा आयडीव्ही तुम्ही अन् कंपनीनं आपसात बोलून ठरवायचा असतो. परत वाचा, आपसात बोलून. म्हणजे ४० हजार हा काही सरकारी आकडा नाही, त्या एजंटच्या कॉम्प्युटरनं दाखवला अन् त्यानं तुम्हाला ऐकवला, एवढंच. अन् एकदा आकडा ठरला की वर्षभर तोच धरला जातो, मधे घसारा लावत नाहीत.

कमी आयडीव्हीचा तोटा फक्त चोरीतच आहे असं समजू नका. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस, म्हणजे पूर्ण खलास, धरते. माझ्या स्वतःच्या अँबॅसॅडरला बीड रोडला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीनं बाजूनं घासलं होतं, आयडीव्ही होता ३० हजार कारण मीच प्रीमियम वाचवायला गेलो होतो. बिल झालं ४० हजाराचं, पॉलिसीची काटछाट करूनसुद्धा ते २४ हजाराला बसलं अन् सर्व्हेअर (नुकसान मोजायला येणारा माणूस) म्हणला काका ही टोटल लॉस झाली. दोन दरवाजे अन् एक मडगार्ड! चालती गाडी भंगारात काढायची वेळ आली, शेवटी भंगाराची किंमत वजा करून उरलेले घेतले अन् गाडी ठेवून घेतली. कंपनीचं नाव नाही सांगत कारण चूक निम्मी माझीच होती.

म्हणून कागद तयार करा. मिस्त्रीची बिलं, पार्टची बिलं, रंगाच्या आधीचे अन् नंतरचे फोटो, इंजिन अन् चेसिस नंबरचा फोटो, अन् जमलं तर एखाद्या लायसन्सवाल्या सर्व्हेअरकडून व्हॅल्युएशन रिपोर्ट. हे घेऊन ऑनलाइन नाही तर शाखेत जा, न्यू इंडिया, ओरिएंटल, नॅशनल, युनायटेड इंडिया या सरकारी चारपैकी जिथला मॅनेजर बसून ऐकंल तिथं, अन् एखाद्या प्रायव्हेट कंपनीलाही विचारा. पॉलिसी बंद पडून इतकी वर्षं झालीत म्हणल्यावर ते गाडी बघायला माणूस पाठवणारच, पाठवू द्या, उलट फायद्याचं आहे. जी कंपनी साडेतीन लाखाच्या आसपासचा आयडीव्ही लिहून देईल ती घ्या, प्रीमियम जास्त असला तरी. दहा वर्षांवरच्या गाडीला पत्र्याच्या पार्टवर ५० टक्के कपात असतेच, रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरीलाही ५०, अन् झिरो डेप (ही कपात न करणारी पॉलिसी) इतक्या जुन्या गाडीला सहसा कोणी देत नाही, तेव्हा दुरुस्तीचे निम्मे पैसे खिशातूनच जाणार हे धरून चाला.

थर्ड पार्टीचा दर मात्र सगळ्या कंपन्यांचा एकच, तिथं घासाघीस करत बसू नका. तुमची फियाट १०८९ सीसी, म्हणजे १००० ते १५०० च्या गटात, २०२२ च्या अधिसूचनेत त्याला ३,४१६ रुपये, वर जीएसटी. पण त्याच अधिसूचनेत व्हिंटेज म्हणून रजिस्टर झालेल्या गाडीला यात ५० टक्के सूट आहे, म्हणजे १,७०८.

लगेच उड्या मारू नका. व्हिंटेज रजिस्ट्रेशनचा नियम २०२१ ला आला, पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं पूर्ण झालेली अन् चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच असलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २० हजार रुपये, मुदत १० वर्षं. वयानं तुमची बसते, चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच ठेवलं असंल तर. पण मग ती गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, पेट्रोल भरायला अन् दुरुस्तीला एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढता येते, रोज भाजी आणायला नाही, धंद्याला तर नाहीच. वर्षाला १,७०८ रुपये वाचवायला २० हजार भरायचे का, हा हिशोब लातूरच्या माणसाला मी काय शिकवणार. रॅलीचीच खरी हौस असंल तर करा, नाहीतर साध्या नंबरवर ठेवा अन् मनसोक्त फिरवा.

वरातीचं विचारलंत म्हणून स्पष्ट सांगतो. मामाच्या पोराच्या लग्नात साध्या नंबरची गाडी फुकट नेलीत तर काही नाही, पण पाच हजार घेऊन दिलीत तर ती भाड्यानं दिली असं होतं अन् प्रायव्हेट पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. त्या रात्री कुणाला धडक बसली तर कंपनी हात वर करंल अन् निस्तरायला तुम्ही राहाल. डीजेपुढं नाचणारी पोरं बॉनेटवर बसतात ते वेगळंच. रॅलीसाठी मात्र पॉलिसीला वेगळं एंडोर्समेंट (जादा अटीचा कागद) जोडून मिळतं, आयएमटी ३१ म्हणून मागा, निघायच्या आधी मागा. मुंबईच्या व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचं सर्टिफिकेट असलेल्या, १९४० पर्यंत बनलेल्या गाडीला जुन्या टॅरिफमध्ये (बांधून दिलेल्या दरांत) ओन डॅमेजवर, म्हणजे आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर, २५ टक्के सूट होती, आता २००७ पासून हे दर खुले झालेत त्यामुळं कोण देतं कोण नाही, विचारून बघायला काय जातं.

प्रश्न : माझी १९९४ ची पद्मिनी आहे, गॅस किट आहे. व्हिंटेजची सूट मिळंल का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : नाही हो दादा, ५० वर्षं व्हायला २०४४ उजाडंल. तुम्ही त्या किटचं बघा. आरसीवर चढलंय का, अन् पॉलिसीत लिहिलंय का? दोन्हीकडं नसंल तर आधी ते करा. अन् किट असूनही घरचा लाल सिलिंडर डिकीत टाकून फिरणारे अजून दिसतात आपल्याकडं, त्यातले तुम्ही नसाल अशी आशा आहे.

प्रश्न : २०२५ च्या सप्टेंबरात पुराचं पाणी जुन्या अँबॅसॅडरमध्ये शिरलं, फुल इन्शुरन्स होता तरी इंजिनचे पैसे नाकारले. असं का? (एक वाचक, धाराशिव जिल्हा)

उत्तर : ताई, पूर पॉलिसीत बसतो. पण पाणी ओसरल्यावर कुणीतरी चावी फिरवून बघितली असणार, बरोबर? पाणी आत असताना सेल मारला की इंजिन जाम होतं, अन् कंपनी म्हणते हे पुरानं नाही, तुमच्या सेल मारण्यानं झालं. बाकी सीट, वायरिंग, साफसफाईचे पैसे तरी मिळायला पाहिजेत, ते पण नाकारले असतील तर कंपनीला लेखी तक्रार द्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा आलेलं पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज करा, फी नाही, वकील लागत नाही, अन् मराठवाडा त्यांच्याच हद्दीत येतो. अर्जासोबत सर्व्हेअरचा रिपोर्ट लागंल, कंपनीकडून त्याची कॉपी आत्ताच मागून ठेवा.