वितळत्या बर्फातली लांब चाल: वाचकांचे प्रश्न

रस्त्यापासून दूर, सगळं सामान पाठीवर घेऊन, आठ-दहा दिवसांत ठरलेलं अंतर पुरं करायचं, आणि तेही हिवाळा सरून बर्फ वितळत असताना. या वेळची बहुतेक पत्रं याच बेताबद्दल आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: दहा दिवसांत २०० किलोमीटर चालायचं ठरवलं आहे. कोरड्या दिवसांत मी रोज २० किलोमीटर आरामात चालतो. मग वसंतात वेगळी तयारी कशाला?

कारण कोरड्या दिवसांत तुम्ही सकाळी सातला निघालात काय नि दहाला निघालात काय, वाट तीच असते. वसंतात ती दिवसातून तीनदा बदलते. रात्री गोठलेला बर्फ पहाटे टणक असतो आणि पावलं वरच्या वर पडतात. ऊन चढलं की तोच बर्फ भुसभुशीत होतो, पाय गुडघ्यापर्यंत आत जातो आणि प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. दुपारनंतर वितळलेलं पाणी ओढ्यांत उतरतं. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा संध्याकाळी मांडीला लागू शकतो. म्हणून आमचं ठाम मत असं, की या मोसमातला बेत आधी घड्याळावर बसवावा, अंतर नंतर मोजावं.

हिशोब करून पाहा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला आडाखा आजही वापरात आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. २० किलोमीटर आणि १२०० मीटर चढ म्हणजे सहा तास झाले. यात विश्रांती नाही, पाठीवरचं जड ओझं नाही आणि बर्फही नाही. मऊ बर्फात वेग निम्म्यावर येणं नेहमीचंच, म्हणजे सहाचे बारा तास. टणक बर्फाची वेळ मात्र पहाटेपासून साधारण दहा-अकरापर्यंतच मिळते.

तेव्हा खिंड आणि बर्फाचे उतार असलेला टप्पा दहाच्या आत पार होईल असा मुक्काम आदल्या दिवशी निवडा. मोठा ओढा दुपारी आडवा येत असेल, तर अलीकडेच थांबा आणि पहाटे उतरा. लांब अंतराचे दिवस खालच्या, बर्फ नसलेल्या पट्ट्यात टाका. रोज २० च्या हिशोबात राखीव दिवस एकही उरत नाही. एक तर १२ दिवसांची शिधा घ्या, नाहीतर अंतर १६० वर आणा.

आणखी एक गोष्ट, जी फार जण विसरतात. रात्री आभाळ झाकलेलं असेल तर जमिनीची उष्णता वर निघून जात नाही आणि बर्फ नीट गोठत नाही. अशा दिवशी पहाटे चारला उठूनही टणक बर्फ मिळत नाही. झोपताना आणि उठताना आभाळ बघायची सवय लावा.

प्रश्न: माझं काम बैठं आहे. हातात १४ आठवडे आहेत आणि जवळपास डोंगर नाही. सराव कसा करावा?

१४ आठवडे पुरतात, मात्र खाडे करून चालणार नाही. पहिले चार आठवडे: आठवड्यातून तीनदा तासभर झपझप चाल, एकदा अडीच-तीन तासांची लांब चाल, सॅकमध्ये ५ किलो, आणि दोनदा पायांचा व कमरेचा ताकदीचा व्यायाम. पाचव्यापासून दहाव्या आठवड्यापर्यंत लांब चाल दर आठवड्याला अर्ध्या तासाने वाढवा किंवा सॅक किलो-दीड किलोने वाढवा. दोन्ही एकाच आठवड्यात वाढवू नका. दर चौथ्या आठवड्याला एकूण चाल एक तृतीयांशाने कमी करा. स्नायू आणि हाडं भरून येतात ती याच दिवसांत. सातव्या आठवड्यापासून लागोपाठ दोन दिवस लांब चाला, कारण दुसऱ्या दिवशी थकलेल्या पायांनी चालणं हाच खरा सराव आहे. अकरा-बारा या आठवड्यांत एकदा सलग तीन दिवस, सहा-सहा तास, पूर्ण वजन आणि तेच बूट. शेवटचे दोन आठवडे चाल आधी निम्मी, मग त्याहून कमी.

डोंगर नसेल तर जिने चालतील. पण लोक जिने चढतात आणि लिफ्टने उतरतात, तिथे चूक होते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीचं ते जबर ठणकणं त्यातूनच येतं. एकदा असा ताण झेललेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला पुरून उरतो. म्हणून वजन घेऊन उतरण्याचा शेवटचा मोठा सराव निघण्याआधी साधारण दहा दिवसांवर ठेवा. शिवाय २० सेंटिमीटर उंचीच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरी टाच तीन सेकंद मोजत जमिनीला टेकवा. प्रत्येक पायाचे १० असे तीन फेरे, आठवड्यातून दोनदा.

एक सराव पहाटे चारला, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात करा. एक मुद्दाम ओल्या मोज्यांनी करा. स्नायू दोन-तीन दिवस दुखले तर घाबरू नका. नडगीच्या किंवा पावलाच्या हाडावर बोट ठेवून दाखवता येईल अशी एकाच जागची दुखणी आली तर मात्र चाल थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडाला बारीक तडा जाण्याची ती खूण असते आणि तशीच चाल रेटली तर पूर्ण मोडतं.

प्रश्न: पारा शून्याच्या फार खाली जाणार नाही. हलकी स्लीपिंग बॅग आणि पातळ मॅट चालेल का?

शून्याच्या आसपासचा ओला गारठा उणे दहाच्या कोरड्या थंडीपेक्षाही धोक्याचा ठरू शकतो. कोरडा बर्फ कपड्यांवरून झटकता येतो. दोन अंशांवरचा पाऊस शिवणीतून आत शिरतो आणि वारा उरलेली ऊब घेऊन जातो. खालच्या हवामानावरून अंदाज बांधत असाल, तर दर १००० मीटरला सरासरी साडेसहा अंश वजा करा.

बॅगेवर तापमानाचे दोन आकडे छापलेले असतात, ‘कम्फर्ट’ आणि ‘लिमिट’. अपेक्षित नीचांकाशी पहिला आकडा जुळवा. दुसरा आकडा अंग आखडून कशीबशी रात्र काढण्याचा आहे. मॅटचा ‘आर’ आकडा, म्हणजे ऊब अडवण्याची तिची क्षमता, बर्फावर किंवा गोठलेल्या जमिनीवर ४ च्या वर हवा. अंगाखाली बॅगेचं भरण दबतं आणि ऊब अडवायला मॅटच उरते, त्यामुळे पैसे आणि वजन दोन्ही आधी तिथे खर्च करा. पिसांची बॅग रोज थोडा ओलावा पिते आणि पाचव्या-सहाव्या रात्री तिचा फुगवटा कमी झालेला कळतो. दुपारी ऊन मिळालं की अर्धा तास उलटी करून पसरा.

कपड्यांत सुती काहीही नको. चालायचा एक जोड, आणि झोपायचा एक जोड जो जलरोधक पिशवीतून फक्त तंबूत बाहेर येतो. सकाळी ओला जोड पुन्हा चढवणं जिवावर येतं, तरीही चढवा. दोन्ही जोड ओले झाले की त्या रात्री ऊब आणायला काही शिल्लक राहत नाही.

प्रश्न: ओढे ओलांडण्याची फार भीती वाटते. पाणी किती असलं तर उतरावं?

ही भीती बाळगण्याजोगी आहे, ती घालवू नका. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर असेल तर उतरू नका. एक काटकी टाकून तिच्या बरोबरीने काठाने चाला. ती तुमच्या चालीच्या पुढे गेली तर पाणी धोक्याचं आहे. पाण्याचा वेग दुप्पट झाला की पायावरचा रेटा चौपट होतो, म्हणून ‘कालच्यापेक्षा थोडंसंच जोरात आहे’ या समजात लोक फसतात. तळ दिसत नसेल किंवा आतून दगड गडगडल्याचा आवाज येत असेल, तर थांबणंच योग्य. तंबू ठोका आणि पहाटे बघा.

जागा निवडताना अरुंद भाग टाळा. पात्र पसरलेलं, दोन-तीन धारांत फुटलेलं असेल तिथे पाणी उथळ असतं. आधी खालच्या अंगाला बघा: घसरलात तर कुठे जाल? पडलेली झाडं, धबधबा किंवा दोन कड्यांमधली चिंचोळी वाट असेल तर ती जागा सोडा. पाण्यात आडव्या पडलेल्या झाडाच्या फांद्यांतून पाणी निघून जातं आणि माणूस अडकतो.

मोजे आणि बुटांतले सुटे तळवे (इनसोल) काढून कोरडे ठेवा, बूट मात्र घाला. अनवाणी कधीच नाही. छातीचा पट्टा उघडा. कमरेच्या पट्ट्याबद्दल जाणकारांत दोन मतं आहेत. एकटे असाल तर तोही उघडावा असं आम्हाला वाटतं, कारण पाण्याने भरलेली सॅक क्षणात सुटायला हवी. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे रोवलेली, आणि आडवं सरकायचं. दोन पाय आणि काठी यांतलं एका वेळी एकच हलवा. बरोबर कोणी असेल तर एकमेकांच्या सॅकचे पट्टे धरून, प्रवाहाला समांतर रांग करून, सर्वांत दणकट माणूस वरच्या अंगाला ठेवून उतरा. अंगाला दोर बांधू नका. तोल गेला तर ताणलेला दोर माणसाला पाण्याखाली दाबून धरतो. वाहून जाऊ लागलात तर सॅक सोडा, पाठीवर व्हा, पाय खालच्या दिशेला ठेवा आणि काठाकडे हात मारा.

ओढ्यावरचा बर्फाचा पूल हा वेगळा सापळा. मधोमध खोलगट झाला असेल किंवा खालून पाण्याचा आवाज स्पष्ट येत असेल तर त्यावर पाय ठेवू नका.

प्रश्न: दहा दिवसांचं खाणं आणि गॅस किती न्यावा?

दिवसाला ४००० किलोकॅलरी धरा. सुक्या जिनसांतून ग्रॅमला सरासरी ५ मिळाल्या तर ८०० ग्रॅम, दहा दिवसांचे ८ किलो. तेलातुपात ग्रॅमला ९ असतात, साखर-पिठात ४. म्हणून दाणे, सुकामेवा, चीज, तेल यांनी वजन आटोक्यात राहतं. सामान ९ किलो, शिधा ८, पाणी २ आणि गॅस मिळून सॅक २० च्या घरात जाते. सॅक शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जड नको, हा आडाखा ७० किलोच्या माणसाला १४ किलोच देतो. हा फरक सरावाने भरून निघत नाही. शक्य असेल तर पाचव्या दिवसाच्या मुक्कामी निम्मी शिधा आधी पोचवा.

गॅस: वारा अडवून एक लिटर गार पाणी उकळायला १२ ते १५ ग्रॅम लागतो. बर्फ वितळवून उकळायला सुमारे ८० टक्के उष्णता जास्त लागते, म्हणजे साधारण २५ ग्रॅम. साध्या ब्युटेनचा डबा शून्याच्या आसपास मंदावतो, कारण ते उणे अर्ध्या अंशाला उकळतं; आयसोब्युटेन-प्रोपेनचं मिश्रण घ्या. पाण्याचा पोकळ धाग्यांचा फिल्टर रात्री स्लीपिंग बॅगेत ठेवा. एकदा गोठला की धागे फाटतात, बाहेरून काही दिसत नाही आणि जंतू सरळ आत जातात. शंका आली तर पाणी खळखळून एक मिनिट उकळा, २००० मीटरच्या वर तीन मिनिटं.

प्रश्न: जलरोधक बूट घ्यावेत की साधे?

सलग बर्फात चालायचं असेल तर जलरोधक, ओढे आणि चिखल जास्त असेल तर लवकर वाळणारे. पाणी वरून एकदा आत गेलं की जलरोधक बूट दोन दिवस वाळत नाहीत. अर्ध्या नंबरने मोठे घ्या, पाय सुजतात. दिवसभर पाय ओले राहणारच; रात्रीचे आठ तास ते कोरड्या मोज्यांत राहिले पाहिजेत, नाहीतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी तळवे पांढरे, बधिर पडतात. चुरचुरायला लागलं की त्याच क्षणी थांबून पट्टी चिकटवा. गॉगल बाजूंनी बंद हवा: ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, आणि डोळे भाजल्याचं सहा-बारा तासांनी, रात्री तंबूत कळतं.

प्रश्न: परत फिरायचं कधी, हे कसं ठरवावं?

निघण्याआधी, घरी बसून, कागदावर. थकलेलं आणि गारठलेलं डोकं तिथे जाऊन नीट ठरवत नाही. आम्ही सुचवू त्या अटी अशा: रात्री बर्फ गोठला नाही तर तीव्र उतारावर जायचं नाही. ओल्या बर्फात बूट घोट्याच्या वर रुतू लागला की ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून आणि त्यांच्या खालूनही बाजूला व्हायचं, कारण हिमस्खलनं बहुतेक याच उतारांवर होतात. अकरापर्यंत खिंड आली नाही तर मागे. सलग दोन तास वेग ताशी दीड किलोमीटरच्या खाली राहिला तर मुक्काम.

आणि सोबती अडखळू लागला, तुटक बोलू लागला, चेन लावायला त्याची बोटं वळेनात, की चाल तिथेच थांबवा. शरीराचं तापमान ३५ अंशांच्या खाली उतरत असल्याची ती लक्षणं आहेत. आडोसा करा, ओले कपडे काढा, मॅटवर बसवून बॅगेत गुंडाळा, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली छातीशी द्या, गोड पेय पाजा आणि निदान अर्धा तास हलवू नका. हातपाय चोळू नका, दारू देऊ नका. थरथर थांबली आणि माणूस गुंगीत असेल तर आडवं ठेवा, तोंडात काही घालू नका आणि मदत मागवा. त्यासाठी ४०६ मेगाहर्ट्झचा संकट-संदेशक (उपग्रहामार्फत मदतीची हाक पोचवणारं छोटं यंत्र) जवळ हवा; फोनची बॅटरी थंडीत लवकर उतरते, तो खिशात अंगाशी ठेवा आणि कागदी नकाशा व होकायंत्र वेगळे घ्या. शिटीची खूण: मिनिटात सहा फुंकरा, मग मिनिटभर शांतता.

अटींच्या त्याच कागदाची एक प्रत घरच्या माणसाकडे द्या. तिच्यावर रोजचे मुक्काम, परतीची पर्यायी वाट आणि बचाव पथकाला कळवायची ठरलेली तारीख व वेळ लिहा. राखीव दिवस त्या तारखेत आधीच मिळवा, म्हणजे तुम्ही एका ओढ्याकाठी रात्रभर थांबलात तर इकडे कोणी घाबरून पथक पाठवणार नाही.