वाचकांचे प्रश्न: रूटिंग पावडरने झाडाचा डीएनए बदलतो का?

प्रश्न (सांगोला तालुक्यातून): आमची भगवा डाळिंबाची बाग आहे. पावसाळ्यात गुटी कलमं बांधतो, म्हणजे फांदीची साल गोल काढतो, तिथे आयबीए हे रूटिंग पावडरमधलं हार्मोन लावतो आणि वरून ओलं मॉस (शेवाळ) गुंडाळतो. गावात एकजण म्हणाला, हे हार्मोन झाडाच्या जनुकांवर काम करतं म्हणजे हे पण जीएमच झालं की. खरं आहे का? रोप भगवाच राहील ना?

उत्तर: भगवाच राहील, ती काळजी आधी सोडा. पण गावातल्या त्या माणसाचं बोलणं उडवून लावू नका, कारण अर्धी गोष्ट तो बरोबर सांगतोय. हार्मोन जनुकांवर काम करतं हे शंभर टक्के खरंय, फक्त ते जनुकं बदलत नाही. फांदीच्या प्रत्येक पेशीत अख्ख्या झाडाची सगळी जनुकं असतातच, मूळ तयार करायची सुद्धा, पण फांदीत ती बंद असतात, आणि ऑक्सिन म्हणजे तुमचं आयबीए ज्या गटातलं आहे ते हार्मोन, ती चालू करून देतं. जीएममध्ये बाहेरचं जनुक आत घालतात. इथे बाहेरून एक अक्षरही आत जात नाही.

आता गुटी सोडताना एकदा नीट बघा. मॉस बाजूला केलं की मुळ्या कुठून फुटलेल्या दिसतात? सालीचं जे कडं काढलं त्याच्या वरच्या कडेतून, खालच्या कडेतून नाही. कारण झाड स्वतःचं ऑक्सिन शेंड्याकडे, कोवळ्या पानांत बनवतं आणि ते वरून खाली उतरत असतं, साल काढली की वाट तुटते आणि ते वरच्या कडेशी साचतं, पानांनी बनवलेली साखरही तिथेच अडकते. म्हणजे मुळ्या फोडायची तयारी झाडाने आधीच केलेली असते, आपण वरून आयबीए लावून तिला जोर देतो. म्हणूनच औषध वरच्या कडेला लावायचं, खाली लावून काही उपयोग नाही.

आता पेशीच्या आत काय होतं ते सांगतो, हे मला स्वतःला फार सुंदर वाटतं. आत गेल्यावर आयबीएचं बरंचसं काम आयएए म्हणजे झाडाच्या नेहमीच्या ऑक्सिनमध्ये रूपांतर होऊन होतं. पेशीच्या केंद्रकात डीएनएवर ठरावीक जागी, जिथे टीजीटीसी अशी अक्षरं येतात तिथे, एआरएफ नावाची प्रोटीनं बसलेली असतात. जनुक चालू करायचं काम त्यांचं, पण त्यांना दुसरी प्रोटीनं धरून ठेवतात, ऑक्स-आयएए नावाची, आणि ही ऑक्स-आयएए सोबत टॉपलेस नावाचं तिसरं प्रोटीन घेऊन येतात जे तिथला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रोटीनांच्या रिळांभोवती घट्ट गुंडाळलेला ठेवायला लावतं. घट्ट गुंडाळलेला डीएनए वाचला जात नाही. ऑक्सिन आलं की ते टीआयआर-१ नावाच्या प्रोटीनच्या खाचेत जाऊन बसतं आणि तिथे अक्षरशः डिंकासारखं काम करतं, ऑक्स-आयएएला टीआयआर-१ला चिकटवतं. चिकटलं की त्याच्यावर खूण होते आणि पेशी त्याचे तुकडे करून टाकते, हे सगळं काही मिनिटांत. एआरएफ मोकळं झालं, गुंडाळी सैल झाली, जनुक चालू!

टीआयआर-१ हाच ऑक्सिन ओळखणारा रिसेप्टर आहे हे 2005 साली अमेरिकेतल्या मार्क एस्टेल यांच्या आणि इंग्लंडमधल्या ऑटोलिन लेझर यांच्या प्रयोगशाळांनी एकाच वेळी दाखवलं, तो डिंकाचा प्रकार 2007 साली त्या प्रोटीनच्या क्रिस्टलवर एक्स-रे टाकून काढलेल्या चित्रात प्रत्यक्ष दिसला. म्हणजे रूटिंग पावडर शेतकरी अनेक दशकं वापरत होते आणि ती आत नेमकी कुठे चिकटते हे या शतकात कळलं.

यातला बराचसा अभ्यास अरॅबिडॉप्सिसवर झालाय, मोहरीच्या कुळातलं एक छोटंसं रोप. त्यात एआरएफ-७ आणि एआरएफ-१९ ही दोन्ही जनुकं निकामी केली तर बाजूच्या मुळ्या जवळपास फुटतच नाहीत, कारण त्यांनी पुढे जी एलबीडी गटातली जनुकं चालू करायची ती चालूच होत नाहीत. भातातही एलबीडी गटातलंच एक जनुक बिघडलं की खोडाच्या बुडाशी येणारा मुळ्यांचा झुपका येत नाही.

एक अपवाद मात्र सांगायलाच हवा. टिश्यू कल्चरमध्ये पेशींचा गोळा हार्मोनवर बराच काळ वाढवला तर काही रोपं वेगळी निघू शकतात. मलेशियातल्या ऑइल पामच्या टिश्यू कल्चर रोपांमध्ये वेडीवाकडी फळं का येतात याचं कारण 2015 साली सापडलं, तिथेही डीएनएची अक्षरं तीच होती पण एका ठिकाणची रासायनिक खूण पुसली गेली होती. गुटीत असा गोळा महिनोन् महिने वाढवायचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे मूळ झाड आणि कलम एकच. पण मूळ झाडावर तेल्या, म्हणजे डाळिंबाचा जिवाणूजन्य रोग, असेल तर तोही कलमाबरोबर जाईल, तेव्हा गुटी बांधायची झाडं निरोगीच निवडा. जीएमच्या काळजीपेक्षा ही काळजी कितीतरी मोठी आहे.

प्रश्न (पुण्यातून): बाल्कनीत गुलाबाच्या काड्या लावते. पावडर जास्त लावली तर मुळ्या लवकर येतील का?

उत्तर: नाही ताई, उलटं होतं. मूळ बनताना ऑक्सिन आधी भरपूर लागतं, म्हणजे पेशी विभागायला लागतात, पण नंतर ते कमी व्हावं लागतं, तेव्हाच त्या पेशींना मुळाचा आकार येतो आणि मूळ लांब वाढतं. म्हणून ऑक्सिन जी जनुकं चालू करतं त्यातच त्याला आवर घालणारी जनुकंही असतात, काही नवीन ऑक्स-आयएए बनवतात, काही जास्तीचं ऑक्सिन बांधून टाकतात. तुम्ही पावडरचा थर दिला की हा आवर पुरत नाही, काडीच्या टोकाला नुसती पांढरी गाठ येते किंवा टोक काळं पडतं. शेतात तण मारायला वापरतात ते टू-फोर-डी हे सुद्धा एक ऑक्सिनच आहे आणि ते त्याच टीआयआर-१च्या गटातून काम करतं, यावरून प्रमाणाचं महत्त्व लक्षात येईल. काडीचं ओलसर टोक पावडरीत बुडवा, झटका, लावा. बस्स.

प्रश्न (नागपूरहून): मग मुळांसाठी बाहेरचा डीएनए झाडात गेला असं निसर्गात कधी होतंच नाही का?

उत्तर: होतं ना! अ‍ॅग्रोबॅक्टेरियम रायझोजिनस नावाचा मातीतला जिवाणू जखमेतून आत शिरतो आणि स्वतःच्या डीएनएचा तुकडा झाडाच्या डीएनएत खरोखर जोडून देतो. त्या तुकड्यातल्या जनुकांमुळे पेशींचं ऑक्सिनचं गणितच बदलतं आणि केसांसारख्या मुळ्यांचा गुंताच्या गुंता फुटतो. हे खरं जनुक बदलणं, आयबीए यातलं काहीच करत नाही. आणि याच कुळातल्या जिवाणूचा डीएनए, त्यात ऑक्सिन बनवणारी जनुकं सुद्धा, लागवडीतल्या रताळ्यात पिढ्यान् पिढ्या बसलेला आहे असं 2015 साली दिसून आलं, तपासलेल्या लागवडीतल्या प्रत्येक वाणात तो सापडला. उपवासाला आपण खातो तेच रताळं.