१:२४ वर अडकलेलं शंभर मीटर फ्रीस्टाइल

तुमचे आकडे आधी एकदा मांडते, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. वय ४३, आठवड्यातून चार दिवस सलग दोन किलोमीटर पोहणं, जोडीला जिम, आणि तरी २५ मीटरच्या पूलमध्ये १०० मीटर फ्रीस्टाइलची वेळ वर्षभर १:२४ (एक मिनिट चोवीस सेकंद) वरून हलत नाही. लक्ष्य १:१८. प्रश्न असा की अंतर वाढवावं की ताकद.

सध्या दोन्ही नको. कारण तुम्हीच जाता जाता लिहून गेलात: पहिले ५० मीटर ३८ सेकंदांत, दुसरे ४६ मध्ये; पहिल्या लॅपला (पूलच्या एका लांबीला, म्हणजे २५ मीटरला) १८ स्ट्रोक, शेवटच्याला २५. उडी मारून सुरुवात केल्यामुळे पहिलं पन्नास दोन-तीन सेकंदांनी जलद येणारच. आठ सेकंदांचा फरक मात्र नुसत्या दमण्याचा नाही. शेवटच्या लॅपला तुम्ही हात जास्त मारताय आणि पुढे कमी जाताय, म्हणजे स्ट्रोक मोडतोय. जो माणूस दोन किलोमीटर न थांबता पोहतो त्याचा दम १०० मीटरला पुरत नाही, हे मला पटत नाही.

ताकदीचं गणितही बघा. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी शक्ती जवळपास घनाच्या प्रमाणात. १:२४ चं १:१८ करायचं तर वेग साधारण आठ टक्के वाढतो, पण शरीराची पाण्यातली ठेवण आहे तशीच राहिली तर शक्ती पंचवीस टक्के जास्त लागते. त्रेचाळिसाव्या वर्षी जिममधून पंचवीस टक्के कुठून आणणार? उलट विरोध कमी केला तर आहे त्याच शक्तीत वेग मिळतो. जिम बंद करा असं नाही म्हणत, खांद्यांसाठी आणि पाठीसाठी ती हवीच. फक्त वेळ तिथून कमी होईल ही अपेक्षा सोडा.

विरोध सगळ्यात जास्त कुठे वाढतो? बहुतेक प्रौढांच्या बाबतीत श्वास घेताना. कुणाला तरी काठावरून, तुमच्या बरोबरीने चालत, फोनवर शूट करायला सांगा, आणि तेही शेवटच्या लॅपचं. ताज्या दमात सगळेच छान दिसतात. श्वासाच्या क्षणी व्हिडिओ थांबवा. दोन्ही गॉगल पाण्याबाहेर दिसले तर डोकं वळत नाहीये, उचललं जातंय. डोकं वर आलं की कंबर आणि पाय खाली जातात, आणि मग मांड्या पाण्याला आडव्या येतात. आता पुढे असलेला हात बघा. तो सरळ पुढे ताणलेला आहे, की डोक्याला आधार म्हणून खाली दाबला जातोय? दाबला जात असेल तर त्या हाताचा कॅच (स्ट्रोकच्या सुरुवातीला पाणी धरणं) वाया गेला, कारण पाणी धरायच्या वेळेला तो आधीच खाली पोहोचलेला असतो. असे दर लॅपला सहा-सात स्ट्रोक फुकट जातात.

उपाय कंटाळवाणा आहे. श्वास सोडायला तोंड पाण्यात जाताच सुरुवात करायची, बाहेर आल्यावर नाही. बाहेर फक्त आत घ्यायचा, तोही एक गॉगल पाण्यात ठेवून. यासाठी सहा किक एका कुशीवर, मग एक स्ट्रोक, मग दुसऱ्या कुशीवर सहा किक, हे ड्रिल (स्ट्रोकच्या एकाच भागाचा सराव) रोज वॉर्म-अपमध्ये थोडं करा. फिन्स (पायात घालायचे पंख) घालून केलंत तरी चालेल, लाज वाटू देऊ नका.

दुसरी गोष्ट कॅच. हात पाण्यात शिरला की बोटं खाली वळवायची, कोपर पृष्ठभागाजवळ वरच ठेवायचं, आणि तळव्याबरोबर कोपरापासून मनगटापर्यंतचा हातही मागे तोंड करून लावायचा, जणू एखाद्या पिंपावरून हात टाकून त्याला मागे ढकलताय. हात सरळ ठेवून खाली दाबला तर पाणी खाली जातं आणि छाती वर येते, तुम्ही जागच्या जागी. मुठी वळून २५ मीटर आणि लगेच हात उघडून २५ मीटर पोहून बघा. मुठीने जर वीस टक्केही काम होत नसेल तर कोपराखालचा हात वापरातच नाही, सगळा भार तळव्यावर आहे. मोठे पॅडल्स (तळव्याला बांधायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या) मात्र आत्ता नकोत. चुकीच्या कॅचवर पॅडल चढवलं की सगळा ताण खांद्याच्या पुढच्या बाजूला येतो, आणि या वयात तो खांदा बरा व्हायला महिने लागतात.

इथे एक सावधगिरी. स्ट्रोकची संख्या कमी करायच्या नादात बरेच जण हात पुढे धरून नुसते सरकत राहतात. मोजणी सुंदर येते, वेळ वाढते. वेग म्हणजे एका स्ट्रोकमध्ये कापलेलं अंतर गुणिले स्ट्रोकचा दर. एक वाढवताना दुसरा कोसळला तर हातात काही उरत नाही. म्हणून स्ट्रोक आणि सेकंद कायम जोडीने मोजा. २० सेकंदांत १९ स्ट्रोक ही चांगली खबर आहे, २४ सेकंदांत १५ ही नाही. शर्यत १०० मीटरची आहे, तिथे दर लागतोच.

आता सरावाबद्दल. सलग दोन किलोमीटर पोहताना तुम्ही दर १०० मीटरला किती घेता, ते लिहिलेलं नाही, पण दोन मिनिटांच्या आसपास असेल. म्हणजे आठवड्याला आठ किलोमीटर तुम्ही शरीराला शर्यतीपेक्षा कितीतरी संथ स्ट्रोक शिकवताय. तो पाठ होतो, आणि शर्यतीत शरीर अनोळखी दराने चालायला लागतं. चारपैकी दोन दिवस बदला.

पहिल्या दिवशी मुख्य सेट: २५ मीटर बारा ते सोळा वेळा, भिंतीला ढकलून, प्रत्येक २० सेकंदांत, मध्ये पंचवीस सेकंद विश्रांती. १:१८ साठी दुसरं पन्नास ४० च्या आसपास यायला हवं, म्हणून २० हा आकडा. वेळ चुकली की एक लॅप सोडून द्या. लागोपाठ दोनदा चुकली की सेट संपला, सोळा पुरे झाले नाहीत तरी. हे मनाला फार लागतं, पण मोडलेल्या स्ट्रोकने ओढत नेलेले शेवटचे चार लॅप तुम्हाला नेमकी तीच सवय लावतात जी घालवायची आहे.

दुसऱ्या दिवशी (मध्ये निदान ४८ तास जाऊ द्या) ५० मीटर सहा वेळा, दोन मिनिटं विश्रांती, लक्ष्य ४० सेकंद. दोन-तीन आठवड्यांनी एकदा तुटक शंभर करून बघा: चार लॅप, प्रत्येकामध्ये दहा सेकंद थांबून, एकूण वेळेतून तीस वजा. तुम्ही कुठे आहात याचा अंदाज त्यातून येतो. उरलेले दोन दिवस आरामात पोहा, ड्रिल्स करा, हवं तर लांबही पोहा.

शर्यतीत पहिलं पन्नास ३८ च्या आत नेऊ नका, मागे सगळे ओरडत असले तरी. १:१८ हे ३८ आणि ४० मध्येच बसतं.

टर्नवर, म्हणजे भिंतीपाशी वळण्यावर, तुम्ही काहीच विचारलं नाहीत. छोट्या पूलमध्ये १०० मीटरला तीन टर्न येतात, प्रत्येकी अर्धा सेकंद वाचला तरी दीड सेकंद झाला, तोही दम न वाढवता. भिंतीपाशी येताना शेवटच्या दोन स्ट्रोकमध्ये श्वास घेऊ नका. कोलांटीत गुडघे छातीशी घ्या आणि पाय भिंतीला लागताच ढकला. पाठीवर असलात तरी चालेल, कुशीवर नंतर वळता येतं. हात एकावर एक, दंड कानांमागे. वेग ओसरायच्या आत दोन-तीन डॉल्फिन किक (दोन्ही पाय जोडून लाटेसारखी किक) आणि वर. नियमाने १५ मीटरपर्यंत डोकं पाण्याखाली ठेवता येतं, पण आपल्यासारख्यांची डॉल्फिन किक इतकी जलद नसते. पाच-सहा मीटर पुष्कळ. आणि बाहेर आल्यावरचा पहिला स्ट्रोक बिनश्वासाचा. यावर प्रत्येक जण कुरकुरतो, मीही कुरकुरते.

शेवटच्या स्पर्शाचंही तेच. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये अमेरिकन जलतरणपटू डारा टोरेस ४१ व्या वर्षी तीन रौप्यपदकं घेऊन गेली, त्यातली ५० मीटर फ्रीस्टाइल ती ०.०१ सेकंदाने हरली. पाच मीटरवरच्या झेंड्यांपासून डोकं खाली ठेवा आणि हात पूर्ण ताणून भिंत गाठा, सरकत जाऊन नव्हे.

किकवर फार वेळ घालवू नका. घोटे ताठ असतील, आणि धावणाऱ्यांचे असतातच, तर टाचांवर बसून ते हलके ताणत जा. खोल पाण्यात तळाला पाय न टेकवता शरीर उभं ठेवून वीस-वीस सेकंद किक मारा, कंबरेतून, गुडघ्यातून नव्हे.

उडीच्या वेळी गॉगल भरतो म्हणालात. पट्टा टोपीच्या आतून घ्या आणि पाण्यात शिरताना हनुवटी छातीकडे ठेवा. समोर बघितलं की गॉगल जातोच. तरी भीती राहिली तर मास्टर्सच्या (प्रौढांच्या वयोगटवार स्पर्धांच्या) आंतरराष्ट्रीय नियमांत काठावरून किंवा पाण्यातून भिंत धरून सुरुवात करायची मुभा आहे. सेकंद-दोन सेकंद जातील एवढंच. आणि तुमचा वयोगट ३१ डिसेंबरच्या वयावर ठरतो, म्हणजे ज्या वर्षी ४५ पूर्ण होतील ते अख्खं वर्ष तुम्ही ४५-४९ मध्ये, गटातले सगळ्यात तरुण. पुढच्या स्पर्धा ठरवताना हे लक्षात असू द्या.

पूर्ण जोर लावून सेट सुरू करण्याआधी एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. खांद्यात कॅचच्या वेळी टोचल्यासारखं दुखलं तर त्या दिवशी हाताचं काम बंद, फक्त किक.

महागड्या रेसिंग सूटबद्दल विचारलंत. घट्ट सूटने फरक पडतो, नाही असं नाही, पण मी तुमच्या जागी असते तर आधी सहा-आठ आठवडे वरचे दोन सेट केले असते आणि शेवटच्या लॅपचे स्ट्रोक २५ वरून २१ वर आले की मग सूटचा विचार केला असता. व्हिडिओ काढलात तर श्वासाच्या क्षणाचा फोटो इथे टाका, डोकं आणि पुढचा हात बघून सांगते.