जप्ती, आकडी आणि बळकावणं

सिडकोतल्या एक ताई भाषांतराची कामं करतात. इंग्रजीतला 'सीझर' (seizure) हा शब्द त्यांना एकाच आठवड्यात तीन कागदांत भेटला: पोलिसांच्या झडतीच्या कागदात, मेंदूविकाराच्या माहितीपत्रकात आणि म्यानमारवरच्या लेखात. संगणकाने माहितीपत्रकातलं वाक्य असं करून दिलं, 'रुग्णाला पहिली जप्ती वयाच्या चौथ्या वर्षी झाली.' त्या विचारतात, "चूक कळते, पण तिन्हीकडे चालेल असा एक शब्द मराठीत का नाही? नसेल तर सरळ सीझरच लिहू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देतो. नका लिहू. आपल्याकडे 'सीझर' म्हणजे बाळंतपण. सिझेरियनचं हे आखूड रूप घराघरांत इतकं रुजलंय की 'चौथ्या वर्षी सीझर' वाचून माणूस दचकेल.

पहिला प्रश्न मात्र माझ्या जिव्हाळ्याचा आहे. माझी नोकरी नाशिकच्या कोर्टात कारकुनीत गेली. जप्ती हा शब्द रोज हाताखालून जायचा. मूळ अरबी 'ज़ब्त', म्हणजे धरून ठेवणं, काबूत राखणं. त्याच मुळापासून आपला 'जाबता' आला, म्हणजे नियम, शिस्त. फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याला उर्दूत 'जाबता फौजदारी' म्हणतात. धरणं आणि धरण्याची रीत, दोन्ही एकाच घरची. म्हणूनच जप्तीत कागद आलाच, पंच आले, लाखेची मोहर आली. कागदाशिवाय कुणी वस्तू उचलून नेली तर आपण तिला जप्ती म्हणत नाही, 'लुबाडलं' म्हणतो.

इंग्रजी क्रियापदाला हा भेद करावा लागत नाही. पोलीस, आजार, सेनापती, तिघेही 'सीझ' करतात. मराठीला आधी सांगावं लागतं की धरलं कुणी आणि कुठल्या अधिकाराने. पोलिसांनी मोटारसायकल जप्त केली, सेनापतीने सत्ता बळकावली, आणि मुलाला आकडी आली. तिसऱ्या वाक्यात धरणारा कुणीच नाही, बघा. भूक लागते, झोप येते, तशी आकडी येते. संगणक चुकला तो इथे.

कायद्याच्या कागदात मात्र नुसतं 'जप्ती' लिहून भागत नाही, कारण आपण या एका शब्दावर तीन वेगळ्या गोष्टी लादल्या आहेत. पोलीस तपासासाठी वस्तू ताब्यात घेतात, ती एक. पूर्वी हा अधिकार फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १०२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ मध्ये आहे, आणि कलम १०५ प्रमाणे झडती-जप्तीचं चित्रीकरणही करावं लागतं. वस्तू ठाण्यात मुद्देमाल म्हणून पडून राहते, पण मालकी मालकाचीच असते. कोर्टाने हुकूम दिला तर सुपूर्दनाम्यावर, म्हणजे सांभाळायचं लिहून देऊन, परतही मिळते. ताईंच्या पोलिसी कागदात 'जप्त केले' हेच बरोबर. हिंदी कायद्यातला 'अभिग्रहण' मराठीत ओढून आणू नये, पंचाला तो कळणार नाही आणि सही त्यालाच करायची असते.

दुसरी जप्ती दिवाणी, म्हणजे टाच. हुकूमनामा, म्हणजे दाव्याचा निकाल, झाला, पैसे आले नाहीत, की धनको (ज्याचं येणं आहे तो) वसुलीची दरखास्त लावतो आणि बेलीफ, म्हणजे कोर्टाचा माणूस, जप्ती वॉरंट घेऊन दारात उभा राहतो. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा एका वॉरंटावर पंचवटीत गेलो होतो. घरातल्या बाईंनी आम्हाला पाहताच चुलीवरचं पातेलं खाली उतरवलं आणि आमच्यासमोर ठेवलं. बेलीफकाका म्हणाले, "बाई, ते राहू द्या. ते आम्हाला नेता येत नाही." १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६० तसंच आहे. अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारं यांवर टाच येत नाही. ऋणको, म्हणजे देणेकरी, शेतकरी असेल तर पोटापाण्यापुरती औतं, गुरं, बियाणं सुटतं, आणि धर्माच्या रीतीने स्त्रीला अंगावेगळे करता येत नाहीत असे दागिनेही. बाईंनी पातेलं पुन्हा चुलीवर ठेवलं. डाळ होती त्यात.

तिसरी जप्ती म्हणजे सरकारजमा. इथे मालकीच जाते. निवडणुकीतलं 'डिपॉझिट जप्त' या तिसऱ्या जातीचं. विधानसभेला सर्वसाधारण उमेदवार दहा हजार भरतो, लोकसभेला पंचवीस हजार. हरलेल्याला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं मिळाली नाहीत तर ते पैसे परत येत नाहीत. तिथे जप्तीची पावती मिळत नाही, सोडवून आणायचा अर्जही नसतो.

सत्तेसाठी वर्तमानपत्रं 'काबीज' वापरतात आणि तिथे मला खरोखर खटकतं. काबीज, कब्जा हे शब्द मुठीत धरण्याच्या अरबी मुळाची पोरं. तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात. किल्ला काबीज करावा. नाशिकशेजारच्या रामशेज किल्ल्याला १६८२ मध्ये मोगलांनी वेढा घातला आणि गड वर्षानुवर्षं हाती आला नाही, तिथे हा शब्द शोभतो. पण 'अमुक पक्षाने महापालिका काबीज केली' असं रोज छापून आपण मतपेटीतून आलेली सत्ता आणि रणगाड्यावरून आलेली सत्ता एका शब्दात बसवतो. मग म्यानमारच्या लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला केलं त्याला शब्द कुठून आणायचा? माझ्या मते निवडणुकीने येते ती सत्ता मिळते, आणि तिथे होतं ते सत्तांतर. लष्कराने केलं ते बळकावणं. त्या शब्दात बळ उघड दिसतं. ताईंनी लेखात तेच लिहावं.

आता माहितीपत्रक. इथे शब्द चुकला तर माणसाचं नुकसान होतं, म्हणून जरा थांबतो. आजाराने 'धरलं' ही कल्पना परकी नाही. ग्रीकातला अपस्माराचा, म्हणजे फेफऱ्याचा, शब्दही धरण्यावरूनच आला. आपल्याकडे 'ग्रह' म्हणजे धरणारा. सुश्रुताने लहान मुलांना पछाडणारे नऊ बालग्रह सांगितले, त्यांत एकाचं नावच स्कंदापस्मार. पण बोलीने तो धरणारा सोडून दिला आणि शरीर कसं होतं तेवढंच ठेवलं: आकड्यासारखं वाकतं, ती आकडी.

आकडी ही घटना आहे. अपस्मार, ज्याला लोक फेफरं किंवा मिरगी म्हणतात, हा आजार. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात आकडी येऊ शकते आणि बहुतेकांना पुढे अपस्मार होत नाही. माझ्या चुलत बहिणीला अशी एकदाच आली होती, तिसऱ्या वर्षी. वीस वर्षांनी स्थळ पाहायला आलेल्यांना कुणीतरी 'लहानपणी मिरगी होती' असं सांगितलं आणि ठरत आलेलं लग्न मोडलं. १९७६ च्या दुरुस्तीने अपस्मार हिंदू विवाह कायद्यात लग्नाची आडकाठी म्हणून आला होता. १९९९ मध्ये संसदेने तो शब्द काढला. बोलण्यातून तो अजून निघालेला नाही. म्हणून 'आकडी' लिहायचं तिथे 'मिरगी' लिहू नका.

'झटका'ही टाळा. हृदयविकाराचा झटका, अर्धांगाचा झटका, विजेचा झटका. फोनवर नुसतं 'झटका आलाय' ऐकून पलीकडच्याला काहीच कळत नाही. 'फिट' सगळ्यांना कळतं, पण 'रुग्ण फिट आहे' आणि 'रुग्णाला फिट आहे' यांत फरक एका अक्षराचा, छापताना तो गळतो.

माहितीपत्रकातलं वाक्य मी असं करीन: 'रुग्णाला पहिली आकडी चौथ्या वर्षी आली.' पत्रकात जागा असेल तर खाली हेही घाला: आकडी आलेल्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका, घड्याळ बघा, आणि पाच मिनिटांत आकडी थांबली नाही तर लगेच दवाखाना गाठा.