शाळेशेजारची वाडी आणि सत्तावीस सह्या

प्रश्न : आमची वाडी मुंबई महापालिकेच्या वारसा यादीत ग्रेड तीनचा, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीचा, परिसर म्हणून आहे. अडतीस घरं, बहुतेक लाकडी आणि कौलारू. वाडीच्या तोंडाशी शाळा आहे. शाळेला लागून असलेलं एक जुनं माडीचं घर शाळा चालवणाऱ्या ट्रस्टला कधीकाळी दान मिळालं. आता ते पाडून बिल्डरच्या साथीने उंच इमारत होणार, खाली वर्ग आणि वर विकायचे फ्लॅट, असं कानावर आलं आहे. गेल्या महिन्यात घराच्या दारावर ‘अतिधोकादायक’ अशी नोटीस लागली. आम्ही सह्या गोळा केल्या. सत्तावीस घरांनी दिल्या, नऊ फितूर घरांनी नाकारल्या, दोन घरं बंद असतात. निवेदन सगळीकडे दिलं, उत्तर कुठूनच नाही. बहुमत आमच्या बाजूने आहे, शिवाय शाळेमुळे शंभर मीटरचा सायलेन्स झोन आहे. एवढ्यावर बांधकाम थांबेल का? निवेदनाची प्रत आणि वाडीचे फोटो सोबत पाठवते आहे. – एक वाचक

उत्तर : एवढ्यावर थांबणार नाही. आधी कडू सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट बोलता येईल.

बांधकाम परवानगी हा मतदानाचा विषय नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मध्ये परवानगी मागतो तो अर्जदार आणि देते ती महापालिका. परवानगी नाकारली तर कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येतं, पण तेही अर्जदारालाच. परवानगी दिली म्हणून शेजाऱ्याने अपील करावं अशी खिडकी त्या कलमात नाही. त्यामुळे सत्तावीस विरुद्ध नऊ हा हिशेब अधिकाऱ्याच्या टेबलावर पोचला, तरी त्याने त्याचं काय करायचं हे कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही. तो फाइलला लावतो आणि पुढची फाइल ओढतो. तुमच्या निवेदनाला उत्तर का आलं नाही, याचं निम्मं कारण हे.

आणि बहुमताची काठी दोन्ही बाजूंनी लागते. २०१२ मध्ये मुंबईच्या वारसा यादीत भर घालण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा शिवाजी पार्क परिसरातल्या अनेक रहिवाशांनीच विरोध केला. यादीत नाव गेलं की पुनर्विकास अडकेल, ही त्यांची धास्ती होती. उद्या तुमच्या वाडीत नवाचे वीस झाले तर वाडीचा वारसा संपला, असं तुम्ही मान्य कराल का? नाही ना. मग आज सत्तावीसचा आधारही घेऊ नका.

रहिवाशांच्या म्हणण्याला कायद्यात जागा आहे, फक्त ती वेगळ्या दाराने आहे. मुंबईत १९९५ मध्ये तेव्हाच्या विकास नियंत्रण नियमावलीत विनियम ६७ आला. शहराचा वारसा जपण्यासाठी असा नियम करणारं मुंबई हे देशातलं पहिलं शहर. विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ मध्ये हाच विषय आता विनियम ५२ मध्ये आहे. ६७ ची भाषा वाचण्यासारखी होती. सूचीबद्ध इमारतीत किंवा परिसरात आयुक्तांच्या पूर्वलेखी परवानगीशिवाय पाडकाम नाही, फेरफार नाही, गिलावा नाही, अगदी रंगकामही नाही. पाडकामाची किंवा मोठ्या फेरफाराची परवानगी देण्यापूर्वी लोकांच्या हरकती-सूचना मागवून आयुक्तांना सल्ला देणाऱ्या वारसा समितीने त्यांचा विचार करावा, हेही त्यात होतं. ग्रेड तीनच्या बाबतीत पुढे नियम बरेच सैल झाले आहेत. त्यामुळे विनियम ५२ चा आजवरच्या दुरुस्त्यांसह मजकूर आधी हातात घ्या आणि तुमच्या परिसराला लागू होणाऱ्या ओळींखाली रेघ मारा. हरकत त्या ओळींवरच लिहायची.

हरकत म्हणजे काय, तेही सांगतो. तुमच्या निवेदनात ‘वाडीचं वैभव नष्ट होईल’ असं तीन वेळा आलं आहे. वैभव मोजता येत नाही, गल्ली येते. एखाद्या रविवारी टेप घेऊन बाहेर पडा. गल्ली किती फूट रुंद आहे, घरांचे ओटे गल्लीपासून किती आत आहेत, पागोळ्या जमिनीपासून किती उंचीवर आहेत, कौलांचा उतार कुठे वळतो, बाहेरून माडीवर जाणारे लाकडी जिने किती घरांना आहेत. हे एका कागदावर मांडा, शेजारी फोटो लावा. मग लिहा, की या रांगेत ओटा नसलेली, गल्लीला सलग भिंत देणारी आणि शेजारच्या पागोळीच्या इतकी पट वर जाणारी इमारत आली तर परिसर ज्यासाठी सूचीत आहे ती वैशिष्ट्यं कशी जातात. वारसा समितीत वास्तुविशारद आणि इतिहासाचे जाणकार असतात. त्यांना भावना कळतात, पण इतिवृत्तात लिहायला त्यांना मापं लागतात. हा अर्ज दोन प्रतींत करा. एक प्रत आवक विभागात द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ईमेल जरूर करा, पण शिक्क्याची प्रत जपून ठेवा. कोर्टात मी पहिलं तेच पान उघडतो.

समितीने विरोधी मत दिलं की जिंकलो, असं मात्र समजू नका. तिचं काम शिफारशीचं आहे. अपवादात्मक परिस्थितीत कारणं लेखी नोंदवून आयुक्त ती शिफारस बाजूला ठेवू शकतात. पण ती कारणं लेखी असावी लागतात, आणि लेखी कारण तपासता येतं. आपल्याला तेवढं पुरतं.

आता त्या दारावरच्या नोटिशीकडे येऊ. माझ्या मते तुमच्या सगळ्या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे, आणि तुम्ही तिला पत्रात एकच वाक्य दिलं आहे.

ग्रेड तीनमध्ये इमारत कमकुवत किंवा असुरक्षित झाली असेल तर पुनर्बांधणीला मोकळीक मिळू शकते. त्यामुळे ‘परिसराचं स्वरूप’ या वादात पडण्याआधीच घर ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक ठरवून घेतलं की अर्धं काम होतं. मुंबई महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ३५४ ची नोटीस निघते, घर उतरवलं जातं आणि मोकळ्या भूखंडावर वारसा कुठला, असा प्रश्न उरतो. सगळेच असं करतात असं मी म्हणत नाही. शंभर वर्षांच्या लाकडाला वाळवी लागते, पावसाळ्यात भिंती खरंच खचतात. म्हणून तर अहवाल वाचायचा.

अहवालात शेवटचा निष्कर्ष नको, चाचण्यांची पानं बघा. एका जुन्या लाकडी घराच्या अहवालात मला रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणीचे आकडे सापडले होते. दोन्ही चाचण्या काँक्रीटची ताकद बघण्याच्या, आणि त्या घरात न्हाणीघराच्या मागून घातलेल्या स्लॅबपलीकडे काँक्रीट नव्हतं! सागवानी खांबांबद्दल अहवालात एक ओळ होती, ‘जुने दिसतात’. तुमच्याकडेही असं काही निघालं तर जुन्या लाकडी बांधकामात काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून लेखी मत घ्या. बाहेरून पाहून जितकं देता येईल तितकंच घ्या, दुसऱ्याच्या घरात शिरू नका. ते जोडून मागणी करा, की घर सी-१ मध्ये न टाकता दुरुस्ती करता येईल अशा वर्गात घ्यावं आणि प्रकरण महापालिकेच्या तांत्रिक सल्लागार समितीपुढे ठेवावं. परस्परविरोधी अहवाल आले तर ही समिती निवाडा करते.

इथे शाळा तुमच्या विरुद्ध उभी राहील, हे लक्षात ठेवा. खचलेल्या भिंतीपलीकडे मधल्या सुट्टीत पोरं खेळत असतील तर कोणताही न्यायाधीश आधी पोरांकडे बघेल, आणि बघायलाच पाहिजे. म्हणून ‘घर आहे तसं राहू द्या’ असं कधीही लिहू नका. भिंतीला टेकू द्या, शाळेच्या बाजूने बॅरिकेड लावा, सैल कौलं उतरवून ठेवा आणि मग दुरुस्तीचा निर्णय करा, असा क्रम तुम्हीच सुचवा. मुलांच्या सुरक्षिततेची मागणी पहिल्यांदा तुमच्या कागदावर दिसली तर समोरच्याच्या हातातलं मोठं हत्यार बोथट होतं.

कागद मिळवायला माहितीचा अधिकार आहे. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. नुसत्या प्रती मागू नका, फाइलची पाहणीही मागा. कायदा तो हक्क देतो. इमारत प्रस्ताव विभागाची फाइल, आयओडी (अटींसह दिलेली प्राथमिक मंजुरी) किंवा सीसी (काम सुरू करण्याची परवानगी) दिली असेल तर तिच्या अटी, वारसा समितीकडे प्रकरण पाठवल्याची नोंद आणि बैठकीचं इतिवृत्त, स्ट्रक्चरल ऑडिट, एवढं पाहा. मात्र ३० दिवसांत घर उतरू शकतं. त्यामुळे हरकतीचा अर्ज माहितीची वाट न बघता आजच द्या. परवानगीविना तोडफोड सुरू झालेली दिसली तर फोटो काढून, दिवस-वेळ लिहून वॉर्ड ऑफिसात कलम ३५४ए खाली काम थांबवण्याची तक्रार करा.

सायलेन्स झोनचं थोडक्यात. ध्वनिप्रदूषण नियम, २००० मध्ये शाळेभोवतीचे १०० मीटर येतात खरे, पण ऑगस्ट २०१७ च्या दुरुस्तीनंतर राज्य शासनाने क्षेत्र तसं घोषित केलेलं असावं लागतं. आणि असलं तरी तो आवाजाचा नियम आहे. त्यातून कामाच्या वेळा आणि यंत्रांवर अटी मिळतील, इमारत थांबणार नाही. १०० मीटर मनाई आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र हा केंद्राचा नियमही अनेक जण पुढे करतात. तो केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांभोवतीचा आहे, महापालिकेच्या यादीतल्या वाडीला लागू नाही.

ट्रस्टचा धागा मात्र सोडू नका. सार्वजनिक न्यासाची स्थावर मालमत्ता विकायची किंवा तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते. वरचे फ्लॅट विकले जाणार असतील तर बिल्डरशी झालेला करार नेमका काय आहे आणि अशी मंजुरी मागितली आहे का, हे धर्मादाय कार्यालयात विचारा. दानपत्रात घर कशासाठी दिलं होतं, तेही पाहा. ‘मुलांच्या शिक्षणासाठी’ असं लिहिलेलं असेल तर वर्गांबद्दल तुम्हाला फार बोलता येणार नाही, फ्लॅटबद्दल येईल.

हे सगळं करून वेळ आलीच तर कोर्ट. दिवाणी दाव्याच्या वाटेला सहसा जाऊ नका; नगररचना अधिनियमाचं कलम १४९ तिथे आडवं येतं, कारण त्या कायद्याखालचे आदेश दाव्यात आव्हान देता येत नाहीत. उच्च न्यायालयात राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालची याचिका हा मार्ग आहे. तुमचा रहिवासी गट नोंदलेला नाही असं दिसतं. नोंदणी होईपर्यंत दोघा-चौघांनी स्वतःच्या नावाने याचिका करावी, आणि त्यातला एक तरी अगदी लगतच्या घरातला असावा. उशीर करू नका. पाया भरला, फ्लॅट विकले गेले, की न्यायालयापुढे तुमच्यासोबत घर घेणारी निष्पाप माणसंही उभी राहतात.

जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चंडीगडच्या रहिवासी संघटनेच्या बाजूने निकाल दिला. तिथल्या पहिल्या टप्प्यातल्या, म्हणजे सेक्टर १ ते ३० मधल्या बंगल्यांचे मजल्यांप्रमाणे तुकडे करून विकण्याला न्यायालयाने आळा घातला आणि शहराच्या वारशाचं स्वरूप हा मुद्दा मोलाचा मानला. तुमचे वकील हा निकाल दाखवतीलच. पण तो वाचताना एक गोष्ट बघा. संघटनेत किती सभासद होते यावर ती जिंकली नाही. एका जागेचे तुकडे करायचे नाहीत हा नियम आधीपासून होता, आराखड्यात लिहिलेलं होतं, आणि प्रशासन मागच्या दाराने त्याला बगल देत होतं. हे दाखवता आलं म्हणून जिंकली.

त्या नऊ घरांबद्दल तुम्ही पत्रात ‘फितूर’ हा शब्द वापरला आहे. तो पुन्हा कुठे लिहू नका. पागडीच्या घरात महिना जेमतेम भाडं घेणारा मालक आणि गळक्या कौलाखाली बादल्या मांडणारी भाडेकरू बाई यांना ‘वारसा’ म्हणजे दरवर्षीचा दुरुस्तीचा खर्च असतो. वारशामुळे विकासाचा हक्क गमावलेल्या मालकाला टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागी वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, मिळू शकतो. त्यांच्यापैकी किती जणांना तो मिळण्याजोगा आहे, हे एकदा त्यांच्यासोबत बसून तपासा. नऊतल्या दोघांनी जरी ‘दुरुस्तीला मदत मिळाली तर पाडायला नको’ असं लिहून दिलं, तर ती दोन पत्रं तुमच्या सत्तावीस सह्यांपेक्षा माझ्या जास्त कामाची.

शेवटी तुमच्या फोटोंकडे येतो. चौथ्या फोटोत तुमचंच घर आहे, दारावरची पाटी वाचता येते. माडीच्या सज्जातला लाकडी कठडा काढून तिथे अॅल्युमिनियमच्या सरकत्या काचा बसवल्या आहेत आणि वर निळा पत्रा. परवानगी घेतली होती का? समोरचा वकील हा फोटो मोठा करून प्रतिज्ञापत्राला लावेल, आणि स्वच्छ हातांनी आलात का, हा प्रश्न याचिका करणाऱ्याला न्यायालय हमखास विचारतं. पत्रा उतरवा, कठडा पूर्ववत करण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करा, त्याची शिक्क्याची प्रत घ्या. ती घेऊनच मला किंवा दुसऱ्या कोणत्याही वकिलाला भेटायला या.