जेल पॅकचं पाणी झालं, आता भरपाई कुणाकडून?

वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, छोटी लॅब चालवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय की हैदराबादहून फ्रीझ-ड्राय पेप्टाइडच्या (गोठवून सुकवलेली, प्रथिनासारख्या छोट्या रेणूंची पावडर) 40 व्हायल, म्हणजे काचेच्या छोट्या बाटल्या, मागवल्या, 6 मेला बुक झालेलं पार्सल वडोदऱ्यात येऊन चार दिवस ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये पडून राहिलं, थंडाव्यासाठी ठेवलेल्या जेल पॅकचं पार पाणी झालं, सप्लायर म्हणतो पावडरच आहे काही होत नाही, आणि कुरिअरवाला पावतीच्या मागची बारीक अक्षरं दाखवतो.

ताई, सप्लायर अगदीच चुकीचं बोलत नाहीये. सुकी, सीलबंद पावडर थोडे दिवस गरमी सहन करते, म्हणून "खराब झालंच" असं आधीच लिहून देऊ नका. व्हायल उजेडात धरून बघा, पावडरची वडी आक्रसून काचेला चिकटली असेल तर जवळून फोटो काढा. मग सगळ्या उणे 20 ला ठेवा. दोन-तीन व्हायल बाहेरच्या लॅबला एचपीएलसीसाठी (शुद्धता मोजणारी चाचणी) द्या आणि शुद्धतेचा आकडा सप्लायरच्या सर्टिफिकेटशी ताडून बघा, पण थंडगार व्हायल लगेच उघडायची नाही हां, रूम टेंपरेचरला आल्यावरच, नाहीतर हवेतली ओल आत धरते आणि समोरचा वकील म्हणणार की माल तुम्हीच बिघडवला.

कुरिअर एजन्सी 2007 च्या कॅरेज बाय रोड कायद्यात येते. त्यांचा निष्काळजीपणा तुम्हाला सिद्ध करावा लागत नाही, नुकसान मात्र दाखवावंच लागतं. कलम 16 प्रमाणे दावा लावायच्या आधी लेखी नोटीस पाहिजे, बुकिंगपासून 180 दिवसांत, पार्सल हातात आलं त्या दिवसापासून नाही!! म्हणजे तुमची मुदत 2 नोव्हेंबरला संपते. माझ्याकडे लोक हमखास इथेच उशिरा येतात आणि चांगली केस हातची जाते, फार वाईट वाटतं. रक्कम मात्र, जास्तीचा रिस्क रेट (जास्त भरपाईसाठीचं वाढीव भाडं) भरला नसेल तर, साधारण भाड्याच्या दहापटीवर अडते.

म्हणून सप्लायरलाही सोडू नका. ऑर्डरच्या ईमेलमध्ये "कोल्ड चेन", म्हणजे वाटभर माल थंड ठेवायचा, असं लिहिलं होतं का? असेल आणि त्यानं साध्या ट्रान्सपोर्टनं पाठवलं असेल, तर माल विक्री कायद्याचं कलम 39 तुमच्या बाजूचं आहे, मालाला साजेशी वाहतूक ठरवणं हे विकणाऱ्याचं काम. ग्राहक आयोगात जाऊ नका, धंद्यासाठीची खरेदी म्हणून तिथे बहुतेक अडवतील.

डेटा लॉगर (वाटेतलं तापमान नोंदवणारं यंत्र) खोक्यातच असेल तर आजच बाहेर काढून रीडिंग उतरवून घ्या आणि दोघांनाही रजिस्ट्रेशनसह स्पीड पोस्टानं नोटीस टाका.