कॅलगरी की टोरांटो, मुलीला जड जाईल का, एकटं वाटतं का: माझं सविस्तर उत्तर

तुम्ही लिहिलंय की कॅनडाचा पीआर (म्हणजे कायम राहायचा परवाना) आलाय, मुलगी सात वर्षांची आहे, मिस्टर ऑइल अँड गॅसमध्ये आहेत, आणि पुणं सोडून कॅलगरीला जावं की टोरांटोला ते ठरत नाहीये. मुलीला शाळा जड जाईल का आणि एकटं वाटतं का, हेही विचारलंय. सिन नंबर (कामासाठी, टॅक्ससाठी लागणारा सरकारी ओळख क्रमांक), बँक खातं, हेल्थ कार्ड, लँडिंगचे नियम हे सगळं सरकारी साइटवर व्यवस्थित आहे, ते मी परत लिहीत बसत नाही. आम्ही २०१२ मध्ये सांगलीहून कॅलगरीला आलो तेव्हा आमचा मुलगाही सातच वर्षांचा होता. धाकटी तिथेच जन्मली. २०१७ मध्ये कॅलगरी सोडून टोरांटोशेजारच्या मिसिसागाला आलो आणि २०२४ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत चौघंही परत तिकडे जाऊन आलो. त्या सुट्टीत जे मनात बसलं ते अजून सुटलेलं नाही, तुमचा प्रश्न वाचला आणि परत सगळं वर आलं.

कॅलगरी-टोरांटोचं आधी उरकते. शहर म्हणून मला कॅलगरीच आवडतं. जून-जुलैत रात्री पावणेदहापर्यंत उजेड, तासाभरात डोंगरात, प्रांताचा सेल्स टॅक्स नाही, फक्त ५ टक्के जीएसटी, इथे ओंटारियोत तोच १३ टक्के. थंडी कडक आहे पण कोरडी आहे, आणि मध्येच चिनूक हा डोंगराकडचा गरम वारा सुटला की उणे वीस-पंचवीसवरून एकदम बर्फ वितळून रस्त्यावर पाणी वाहायला लागतं. पण ते शहर तेलावर चालतं हे विसरू नका. २०१४ च्या मध्यात बॅरलला शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या सुरुवातीला तीसच्या खाली आला आणि आमच्या ओळखीतली निम्मी घरं त्या दोन वर्षांत रिकामी झाली. माझ्या मिस्टरांची नोकरी २०१६ मध्ये गेली. त्या हिवाळ्यात शहरातली बेरोजगारी १० टक्क्यांच्या वर होती, पाइपलाइन डिझाइनचा अनुभव घेऊन माणूस जाणार कुठे? तुमचे मिस्टरही त्याच लाइनमध्ये आहेत म्हणून हे मुद्दाम सांगतेय, दुसऱ्या क्षेत्रात पाय ठेवता येईल असं काहीतरी आत्तापासूनच शिकून ठेवा. टोरांटोकडे काम जास्त प्रकारचं आहे, मराठी माणसं भरपूर आहेत, पण घरं महाग, ट्रॅफिक प्रचंड, आणि डोंगर नाहीत ते नाहीतच.

एकटं वाटतं. पहिल्या जानेवारीत फार वाटतं, मग मुलाच्या मित्रांच्या आया ओळखीच्या होतात, मराठी मंडळाचा गणपती येतो, माणूस लागतो कामाला. त्यावर जास्त विचार करू नका, त्यानं कुणी परत गेलेलं मी पाहिलं नाही.

आता कागदपत्रं, कारण यावर मला कुणीच सांगितलं नव्हतं. तुमची डिग्री माहेरच्या नावावर असेल तर आत्ताच कामाला लागा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी, मग आपलं नाव, मग वडिलांचं नाव, शिवाय आईचं नाव. पासपोर्टवर मात्र माझं नाव, नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. इथे डिग्रीची पडताळणी करताना जो माणूस कागद तपासतो त्याला दोन्हीकडे सारखं असं फक्त माझं एक पहिलं नाव दिसतं, तेही एकीकडे सुरुवातीला आणि एकीकडे मध्ये. त्यात माझं मॅरेज सर्टिफिकेट ग्रामपंचायतीचं, हातानं लिहिलेलं, मराठीत. भाषांतर, नोटरी, अ‍ॅफिडेव्हिट, गॅझेटमधलं नाव, हे सगळं मी कॅलगरीत बसून भावाला फोन करकरून करून घेतलं. विद्यापीठातून सीलबंद ट्रान्सक्रिप्ट मागवायला गेलं की साहेब रजेवर, साहेब आले की अर्ज सापडत नाही, अर्ज सापडला तर पाकिटावर शिक्का नाही. तेरा वर्षं होत आली, अजूनही तो ब्राऊन लिफाफा आठवला की माझं डोकं दुखतं. मी बी.कॉम. करून सांगलीत ऑडिट फर्ममध्ये सहा वर्षं काम केलेली बाई, आणि या एका नावापायी सुपरमार्केटच्या कॅश काउंटरवर उभी राहिले. काम वाईट नव्हतं, माणसंही चांगली होती, पण ती वर्षं माझ्या हक्काची होती आणि ती मला परत मिळालेली नाहीत. तुम्ही पुण्यात आहात तोवर स्वतः जाऊन उभं राहता येतं, जास्तीचे दोन सीलबंद सेट घेऊन ठेवा. आणि आरटीओतून लायसन्सचा एक्स्ट्रॅक्ट घ्या दोघांचाही, तुम्ही किती वर्षं गाडी चालवताय त्याचा पुरावा इथे लागतो, नाहीतर नवशिक्यांच्या लायसन्सपासून सुरुवात.

शाळेचं मात्र मला सविस्तर लिहायचंय. प्रवेशाच्या फॉर्मवर घरात कोणती भाषा बोलता असा रकाना असतो. आम्ही मराठी लिहिलं, बोलतच होतो मराठी. मुलगा सांगलीत इंग्रजी मीडियमला पहिली करून आलेला, वाचायला यायचं, आजीनं वीसपर्यंत पाढे मराठीत घोकून घेतलेले. त्या रकान्यावरून त्याला ईएसएलमध्ये, म्हणजे इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्या वेगळ्या इंग्रजी तासांना टाकलं. आठवड्यातून काही दिवस वर्गातून उठवून दुसरीकडे न्यायचे, आणि नेमकं गणिताच्या वेळेला, म्हणजे ज्या एका तासाला हा वर्गात सगळ्यांच्या पुढे होता त्याच तासाला. मी जाऊन शाळेतल्या बाईंना भेटले. बाई हसतमुख, आवाज कधी चढवायच्या नाहीत, प्रत्येक वेळी हीच वाक्यं की तो छान करतोय, काळजी करू नका. एकदा म्हणाल्या घरी थोडं इंग्रजी वाढवा. तिथल्या शाळा-बोर्डांचं अधिकृत म्हणणं उलट आहे, घरची भाषा टिकवा असंच सांगतात, आणि मी तो कागद काढून त्यांच्यासमोर ठेवला. आम्ही घरात मराठीच चालू ठेवली. पण मुलगाच दुसऱ्या वर्षापासून इंग्रजीत उत्तर द्यायला लागला, मी मराठीत विचारायचं आणि त्यानं इंग्रजीत सांगायचं, ते आजतागायत तसंच चालू आहे. त्याच्या फाइलमधलं ते ईएसएल मिसिसागाला येईपर्यंत निघालं नाही, इथल्या शाळेत एका बाईंनी त्याला पुस्तकाचं एक पान वाचायला लावलं, चार प्रश्न विचारले आणि विषय संपला. जे काम एका पानात होत होतं त्याला तिथे इतकी वर्षं का लागली हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. म्हणून फॉर्मवर मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहा, मुलीचं शाळेचं प्रगतिपुस्तक, वह्या, ती वाचत असलेली इंग्रजी पुस्तकं सोबत न्या आणि तपासणी कोण करणार, कधी करणार ते पहिल्याच दिवशी विचारा.

२०२४ ला आम्ही गेलो तेव्हा सुट्टीमुळे शाळा बंद होती पण मैदान उघडं असतं. मुलगा धाकटीला घेऊन इमारतीच्या मागे गेला, तिथे ते पोर्टेबल वर्ग, म्हणजे मैदानात ठेवलेल्या सुट्या खोल्या, अजून उभे आहेत, आणि तिला सांगत होता की इथे मला सफरचंदाचं चित्र दाखवून हे काय आहे विचारायचे. दोघं हसत होते. मला नाही हसू आलं.

आता त्या सुट्टीचं. इकडच्या मुलांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. तेव्हा सांगलीत पाऊस, चिखल, आणि चुलत-मावस भावंडांच्या शाळा जूनमध्येच सुरू झालेल्या. आपण मे महिन्यात आजोळी जायचो, मी तासगावला वडिलांच्या बागेशेजारी सगळी सुट्टी काढलेली आहे, घर पोरांनी भरलेलं, माळ्यावर आंब्याची अढी. आमच्या मुलांना ते कधी मिळालंच नाही. ती जातात तेव्हा घरात म्हातारी माणसं, टीव्ही, आणि संध्याकाळी क्लासवरून दमून आलेली भावंडं. त्यामुळे त्या वर्षी तिकिटाचे पैसे जमले आणि आम्ही विचारलं कुठे जायचं, तेव्हा दोघंही एका आवाजात म्हणाली कॅलगरी. सासूबाई फोनवर म्हणाल्या, जाऊ द्या की पोरांना, आम्ही कुठं जातोय. त्या कुठे जात नाहीत हे खरं धरून चालायचं वय त्यांचं राहिलेलं नाही, ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

आम्ही स्टॅम्पीडच्या, म्हणजे कॅलगरीच्या जुलैतल्या मोठ्या जत्रेच्या, शेवटच्या शनिवार-रविवारी पोचलो. जुन्या शेजाऱ्यांनी पार्किंग लॉटमधल्या फुकट पॅनकेक ब्रेकफास्टला नेलं, मुलगा तिथे अशा सहजतेनं वावरत होता की मी नुसती बघत राहिले. पुढे जॅस्पर या डोंगरातल्या गावाचं बुकिंग २५ जुलैचं. तिथल्या व्हिसलर्स कॅम्पग्राउंडवर आम्ही दर उन्हाळ्यात तंबू टाकायचो, पिरॅमिड लेकच्या रस्त्यावर तो सायकल शिकला. २२ च्या रात्री वणव्यामुळे जॅस्पर रिकामं करायला सांगितलं, २४ ला संध्याकाळी आग गावात शिरली आणि जवळजवळ एक तृतीयांश इमारती गेल्या. आम्ही कॅलगरीजवळच्या कॅनमोरला होतो. मुलगा रात्रभर फोन घेऊन बसला होता, कोणता रस्ता, कोणतं दुकान, चर्च वाचलं का. सकाळी डोळे लाल, समर जॉबच्या पैशातून रेडक्रॉसला पैसे पाठवून मोकळा झाला, आम्हाला नंतर कळलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. आमचं घर गावभागात, खालचा मजला पूर्ण पाण्यात, सासू-सासऱ्यांना बोटीतून काढलं. आम्ही दोघं इथे रात्रंदिवस फोनवर. मुलगा चौदा वर्षांचा होता, त्यानं विचारलं आजी-आजोबा ओके आहेत ना, हो म्हटल्यावर बरं म्हणाला आणि प्रॅक्टिसला गेला. त्याचा काही दोष नाही, तो तिथे वाढलाच नाही, जिथे वाढला तिथलं त्याला लागलं. पण कॅनमोरच्या त्या खोलीत मला हे दोन्ही एकदम दिसलं आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मिस्टरांना अजून सांगितलेलं नाही, इथे लिहितेय.

जॅस्परचा बेत सोडून आम्ही पश्चिमेला ब्रिटिश कोलंबियात वळलो, रॉजर्स पास, रेव्हलस्टोक, मग खाली ओकानागनच्या खोऱ्यात. ऑलिव्हरजवळ रस्त्याच्या कडेला फळांचा स्टॉल होता, पंजाबी बाई, तिकडच्या कितीतरी बागा पंजाब्यांच्याच आहेत. मी पीच मागितले तर म्हणाली यंदा पीच नाहीत, जानेवारीत एकदम थंडी पडली आणि कळ्या जागच्या जागी मेल्या. मग मला मागच्या बांधावर नेऊन झाड दाखवलं, पानं हिरवीगार आणि फळ एक नाही. नखानं फांदीची साल खरवडून आतला भाग दाखवला. द्राक्षांचंही तेच, काही बागा मुळापासून काढून परत लावायच्या. तिथे संध्याकाळचे आठ म्हणजे आपल्याकडे सकाळचे साडेआठ, मी तिथूनच तासगावला वडिलांना फोन लावला. ते अवकाळीनं बाग गेलेली अनेकदा बघितलेले, त्यांनी लगेच विचारलं, फांदीवरचे डोळे मेले का खोड मेलं, खुंटावरची कलमं होती का, विमा मिळतो का. मी बाईंना हिंदीत विचारायचं, वडिलांना मराठीत सांगायचं. मुलगा शेजारी उभा राहून ऐकत होता, मध्येच त्यानं फोन घेतला आणि आजोबांना मराठीत, अडखळत, झाडाची उंची सांगितली. मी त्याला इतकं सलग मराठी बोलताना फार वर्षांत ऐकलं नव्हतं.

म्हणून तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं, की तुम्ही नोकरी कुठे आणि घर कुठे ते ठरवताय, पण तुमची मुलगी सात वर्षांची आहे, तुम्ही जिथे उतराल ते तिचं गाव होणार आहे. ते कॅलगरी असेल तर तिला फार सुंदर गाव मिळेल. जड जाईल का म्हणाल तर तिला सहा महिने, तुम्हाला जास्त. फक्त पुण्याचं तिच्यात किती राहू द्यायचं ते आपोआप ठरत नाही, त्याला पैसे आणि सुट्ट्या बाजूला काढाव्या लागतात. पहिल्या दोन वर्षांतलं भारताचं तिकीट आत्ताच बजेटमध्ये धरा, आणि जुलैत नाही, मे महिन्यात जा, तीन आठवडे शाळा बुडवून. प्राथमिकच्या वर्गात टीचरला आधी लेखी कळवलं की कुणी अडवत नाही, हायस्कूलला गेली की परीक्षा आडव्या येतात आणि मग जमत नाही.